लाभ, दोन, तीन

बारापात्रे सर गणिताचा इतिहास शिकवतात.
त्यांच्या आडनावातच बारा,
आणि तासाला आम्ही नऊ.
फळ्यावर तीन आडव्या रेघा ओढून म्हणतात,
हा ब्राह्मीतला तीन.
दहाचं चिन्ह वेगळं, विसाचं वेगळं,
शंभराचं आणखी निराळं.
जागा बदलली की किंमत बदलते
हे सुचायला माणसाला फार वेळ लागला.
बाबिलोनवाल्यांना लवकर सुचलं,
पण त्यांची रिकामी जागा
कित्येक शतकं नुसतीच रिकामी राहिली.

मी उतरवून घेते.
पाचपावलीची आहे मी.
पाच पावलांत आजवर कुठेच पोचलेली नाही.

बाबा कळमन्याच्या बाजारात संत्री मोजतात.
दोन्ही पंजांत मिळून पाच, हा एक हात.
पहिल्या हाताला ते कधी एक म्हणत नाहीत.
लाभ.
लाभ, दोन, तीन, चार…
विसावा हात पडला
की एक संत्रं उचलून गुडघ्यापाशी ठेवतात
आणि पुन्हा लाभपासून.
गुडघ्यापाशी सात, म्हणजे सातशे.
गुडघ्यापाशी दहा झाली
की दहाही ढिगात परत
आणि एक शर्टाच्या खिशात.
त्या क्षणी गुडघ्यापाशी काहीच नसतं.
त्या काहीच नसण्याला
बाबांनी कधी नाव ठेवलं नाही,
फक्त तेवढी जागा झाडून घेतली हातानं.

खिशातलं घरी यायचं.
लहानपणी मी किती हजार खाल्ले, कोण जाणे.
एकदा एक हजार फार आंबट निघाला होता.

सर विचारतात, स्थानमूल्याचा जुन्यात जुना पुरावा?
कोणी शिलालेख सांगतं, कोणी ताम्रपट.
मी गुडघा सांगत नाही.

कधी वाटतं, आकडे आधी तोंडात आले असतील
आणि मग हातात,
कधी वाटतं उलट.
एकोणीस म्हणणारा पहिला माणूस
विसापर्यंत जाऊन, घाबरून
एक पाऊल मागे आला असेल का?
अडतीतल्या नत्थूजींना औटकी येते,
साडेतीनाचा अख्खा पाढा,
डोळे मिटून, तंबाखू मळत.
मला टोपॉलॉजी येते.
आम्ही दोघं एकमेकांना जपून असतो.

यंदा आंबिया बहारात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
पहाटे चारला मी बसले ढिगासमोर,
पाच संत्री उचलली, म्हटलं, एक.
नत्थूजी तिकडून ओरडले,
"एक नसते म्हनत वो पोट्टी, लाभ म्हन!
एक म्हनलं का मोजनी सुरू होते,
अन् सुरू झाली का संपते बाप्पा."

इतक्या पुस्तकांतून मला
अनंताविषयी एवढं थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

तीनशेला चुकले. पुन्हा मोजलं.
पंजात चारच मावायची, पाचवं निसटायचं.
बोटांना सालीचं तेल, डोळ्यांत थोडं गेलेलं.
उजाडता उजाडता गुडघ्यापाशी दहा झाली,
दहाही परत ढकलली,
जागा झाडून घेतली हातानं,
आणि तेव्हा कळलं, कुर्त्याला खिसा नाही.
हजार ठेवायला जागाच नाही माझ्याकडे.
शेवटी वहीच्या पिशवीत टाकला.

तशीच तासाला निघाले, कडबी चौकातून मेट्रोनं.
पुढील स्टेशन झिरो माईल, म्हणाली बाई,
आवाजात जराही आश्चर्य नाही.
दारं उघडली, चार जण उतरले,
तीन चढले.
सगळीकडची अंतरं जिथून मोजली
तिथे थांबायला गाडीला
अर्धा मिनिटही लागला नाही.

तासाला वही काढली
तर पिशवीतून ते सुटलं,
बाकांखालून घरंगळत
थेट फळ्याखाली जाऊन थांबलं,
कालच्या पुसट तीन रेघांच्या बरोबर खाली.

सर वाकले.
"एक संत्रं पडलंय, कोणाचं?"

मी उभी राहिले.
"एक नाही, सर."